नाल्याकाठचं मुंगूस, खाडीतला कोल्हा: शहरातल्या प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी नेमक्या ठेवायच्या कशा?

कांदळवनी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मुलुंड पूर्वेला राहते. इमारतीमागे नाला आहे. द्रुतगती मार्ग ओलांडला की मिठागरं, मग कांदळवन, मग ठाणे खाडी. बारा महिने काही ना काही दिसतं. नाल्याच्या भिंतीवर मुंगसं, पावसाळ्यात दिवड, पाइपावर ठाण मांडून बसलेला खंड्या. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षावर रातबगळ्यांची वसाहत आहे, तिच्याखाली गाडी लावायची हिंमत नवीन भाडेकरूच करतात. खाडीकडून पहाटे कोल्हेकुई येते, हे तर माहेरच्यांना अजून खरं वाटत नाही.

कॉलनीतल्या काही जणांनी मिळून व्हॉट्सॅप गट काढला. फोटो ढिगाने जमले. मध्यंतरी नाला रुंद करणार असं कानावर आलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे एवढा पुरावा आहे, नेऊन देऊ. गट उघडून पाहिला तर निम्म्या फोटोंना तारीख नाही, बऱ्याचशांवर 'शुभ सकाळ' छापलेलं, आणि एका 'आपल्या नाल्यावरच्या' फोटोतला प्राणी ताडोबातला निघाला.

तर प्रश्न असे. नोंद म्हणजे नेमकं काय लिहायचं? ती द्यायची कुठे, अ‍ॅपवर की एखाद्या संस्थेकडे? आणि जागा उघड करायची का? जाणकारांनी लिहावं.

---

सायंतारा

वाचतेय. आमच्या बोरिवलीलाही हाच प्रकार. ताडोबा वाचून फुटले :)

---

दप्तरदार

आधी थोडी जुनी गोष्ट सांगतो. घाई असेल त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी. (लहानपणी मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे सलीम अली पक्ष्यांकडे वळले, ही कथा कुणीतरी आणणारच, म्हणून ती आत्ताच सन्मानाने बाजूला ठेवतो.)

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या राणीबागेतल्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) सुरू झाली. आठांतले दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात हे दोघे भेटतात, पण किडे-पाखरांच्या बैठकीतही तेच बसले होते हे शाळेत कुणी सांगितलं नाही. बैठकीचा हेतू साधा होता: महिन्यातून एकदा भेटायचं, काय पाहिलं ते सांगायचं, मिळालेले नमुने एकमेकांना दाखवायचे. पुढच्याच वर्षी फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्टात आपल्या दुकानात जागा दिली. १८८६ पासून जर्नल सुरू झालं, ते आजही निघतं.

त्या जर्नलच्या शेवटी किरकोळ टिपणांचा विभाग असतो. मला विचाराल तर खरी श्रीमंती तिथे आहे. लिहिणाऱ्यांत सरकारी नोकर, डॉक्टर, लष्करातले अधिकारी, मळेवाले. मजकूर कधी अर्धं पानच. अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुक पाहिलं, इतके होते, हे करत होते. 'किती मनोहर दृश्य होतं' वगैरे नाही. शे-सव्वाशे वर्षांनंतर संशोधक तीच टिपणं उपसतात.

१९३६ ते १९३९ या काळात सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर याच जर्नलात लेखमाला लिहिली. कांदळवनीताई, तुमचं मुलुंड साष्टीतच मोडतं. तेव्हा इथला कुठला पक्षी सर्रास होता आणि कुठला विरळा, हे आज सांगता येतं ते त्या लेखांमुळे. आणखी ऐंशी-नव्वद वर्षांनी कुणी तुमच्या गटात डोकावलं तर शुभ सकाळ सापडेल.

तर, नोंद: काय, कुठे, केव्हा, किती, कोणी पाहिलं. त्यात एक भर घाला, किती वेळ पाहिलं. अर्ध्या तासात तीन खंड्या आणि पाच मिनिटांत तीन खंड्या यांत फरक आहे. आणि गेलात पण काही दिसलं नाही, तर तेही लिहा. हे सगळ्यांत जास्त वगळलं जातं.

---

पिक्सेल

इतिहास आवडला, पण १८८३ची पद्धत आता कशाला? आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप उघडा, फोटो टाका, संपलं. तारीख आणि जागा फोन स्वतः भरतो. ओळख पटत नसेल तर जगभरातले लोक मदत करतात. तारीख, जागा, फोटो किंवा आवाज असला, प्राणी पाळीव नसला आणि ओळखणाऱ्यांत दोन तृतीयांशांहून जास्त एकमत झालं, की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' मिळते आणि ती जागतिक माहितीसाठ्यात जाऊ शकते. महिनाअखेरच्या बैठकीची वाट कोण बघणार?

एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चढाओढीतून सुरू झालं, आता भारतातली शहरंही उतरतात. तुमच्या गटाला चार दिवसांचं निमित्त मिळेल.

आणि 'नाल्यात काय नवीन सापडणार' म्हणणाऱ्यांसाठी: जोगेश्वरीला अंधांच्या शाळेच्या आवारात एक विहीर आहे. त्या विहिरीत सापडलेला आंधळा, वामसारखा मासा विज्ञानाला नवीन निघाला. २०२२ मध्ये मुंबाआईवरून त्याला 'रक्तमिक्थिस मुंबा' नाव दिलं. आणि २०२१ मध्ये एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून 'आयसियस तुकारामी' म्हटलं, तोही मुंबई-ठाण्याच्या परिसरातलाच. विहिरी, कुंपणं, गटारं, सगळीकडे बघा.

---

सुगरण

पिक्सेल, अ‍ॅपला मी नावं ठेवत नाही, माझ्याही नोंदी तिथे आहेत. पण फोटो माणूस कशाचा काढतो? वेगळं दिसलं त्याचा. कावळा, कबुतर, साळुंकी यांचा फोटो कोण काढतो? रविवारी काढतो, उजेड चांगला असेल तेव्हा काढतो, बागेत काढतो. मग नकाशावर मुंबईत बुलबुलांपेक्षा स्वर्गीय नर्तक जास्त आहेत की काय असं वाटायला लागतं.

म्हणून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'पूर्ण यादी' देतात ती पद्धत मला जास्त पटते. निघाल्याची वेळ, चाललेलं अंतर, आणि ओळखू आलेले सगळे पक्षी, नावडतेसुद्धा. यादीत चिमणी नसेल तर ती त्या वेळात तिथे आढळली नाही असा अर्थ निघतो. अशा लाखो याद्यांवरून २०२० मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. 'चिमणी संपली' असं आपण सगळे म्हणत होतो. अहवालात दिसलं की देशभर मिळून चिमणी बरीचशी स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत. मुंबई त्यात आलीच. उसासे टाकून हा फरक कळला नसता.

आणि संस्था कशाला हवी याचं गिधाडांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शहरातलं नाही, भरतपूरचं आहे, पण ऐका. बीएनएचएसचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात तिथल्या गिधाडांची मोजणी केली होती. तेव्हा गिधाड म्हणजे कावळ्यासारखा सर्रास दिसणारा पक्षी, मोजून काय मिळणार? नव्वदीच्या अखेरीस त्यांनी तिथेच पुन्हा मोजलं आणि संख्या कोसळलेली दिसली. १९९९ मध्ये ते त्याच जर्नलात छापून आलं. २००४ मध्ये कारण सापडलं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आधीची मोजणी नसती तर 'हल्ली गिधाडं कमी दिसतात बुवा' यापुढे गाडी गेली नसती. सर्रास दिसणारं मोजायला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ते कागद सांभाळून ठेवावे लागतात. अ‍ॅप सांभाळेल, पण 'जा, कबुतरं मोज' असं ते तुम्हाला सांगत नाही.

---

तिरकस

सगळं छान. पण रोकडा प्रश्न: नोंदी ठेवून वाचलं काय? आरेबद्दल कमी नोंदी होत्या? बिबटे होते, विंचू होते, कोळी होते, कागद होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं रातोरात गेलीच ना? तुमचा नालाही रुंद होईल ताई, आणि मुंगसाची पूर्ण यादी वहीत राहील.

---

दप्तरदार

तिरकसराव, झाडं गेली, त्यावर वाद नाही. पण उलट बाजूही बघा. ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात हे प्रत्येक शिवडीकराला दिसत होतं. वर्षानुवर्षं मोजदाद झाली, कुठल्या महिन्यात किती, भरतीला कुठे जातात, ओहोटीला कुठे उतरतात, तेव्हा कुठे २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी नवी मुंबईतल्या तळ्यांवर जाऊन बसतात, म्हणजे नुसती खाडी राखून भागत नाही, हेही मोजणाऱ्यांनीच दाखवलं. नाहीतर त्या तळ्यांना 'रिकामी डबकी' म्हणायला वेळ लागला नसता.

नोंदीने झाड वाचेलच असं मी कुणाला सांगत नाही. नोंद नसली तर मात्र 'इथे काहीच नव्हतं' हेच अधिकृत वाक्य होतं.

---

निवटी

मी कोळीवाड्यातला, म्हणून माझं नाव बघा. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. आमच्यात निवटी पकडायची आणि खायचीही, त्यामुळे 'वन्यजीव' म्हटलं की सुरुवातीला हसू यायचं. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरायला लागले. गिरगाव चौपाटी, हाजीअली, जुहू, कार्टर रोड. गुडघाभर पाण्यात वाकून बघणारे शहरी लोक बघून आमच्या बायका म्हणायच्या, यांचं काय हरवलंय? नंतर मीही गेलो. आयुष्यभर ज्या खडकावर कालवं फोडताना बघितली, त्याच खडकावर स्पंज, समुद्री गोगलगायी आणि प्रवाळ. हो, हाजीअलीला जिवंत प्रवाळ आहे. प्रवाळाला वाघाइतकंच, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या आणि वरळीच्या प्रवाळ-वसाहती काढून दुसरीकडे लावाव्या लागल्या. हलवणं कितपत चांगलं यावर मतं असतील, पण प्रवाळ आहे हे माहीत नसतं तर भराव टाकून मोकळे झाले असते.

आता कामाचं. खाडीवर किंवा किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी घड्याळाच्या आधी तिथी बघावी. आमचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती पूर्ण आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या आसपास, म्हणून सुकती सकाळ-संध्याकाळ सहाला, आणि उधाण असल्यामुळे पाणी लांबवर ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. किनारा बघायचा तर उधाणाची सुकती. नोंदीत भरती होती की ओहोटी हे लिहिलं नाही तर खाडीवरच्या पक्ष्यांचा आकडा अर्धाच.

आणखी एक. आमच्या म्हाताऱ्यांना कुठला मासा कुठल्या महिन्यात यायचा आणि कधीपासून यायचा बंद झाला हे पाठ आहे. ते कुठल्या अ‍ॅपवर नाही. त्यांच्याकडे जाऊन बसा, आणि लिहून घेतलंत तर नाव त्यांचं घाला.

---

सायंतारा

निवटीदादा, पाऊणपटीचा हिशेब भारी! आजोबा रत्नागिरीचे, तेही हेच सांगायचे.

---

लेस्टरकर

इंग्लंडातल्या लेस्टरमधून. इथे गल्लोगल्ली अशा संस्था आहेत, लंडनची तर १८५८ पासूनची. पण मला सांगायचंय ते याच शहरातल्या जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंबद्दल. घरामागच्या साध्या बागेत, भाजी आणि फुलं लावलेल्या, त्यांनी १९७२ पासून तीस वर्षं नोंदी ठेवल्या. मधल्या काळात मल्टिपल स्क्लेरोसिसने त्यांना गाठलं, तरी काम चालू. एकूण २,६७३ जाती. त्यांतले जवळजवळ दोन हजार नुसते कीटक, आणि पाठीचा कणा असलेले प्राणी जेमतेम ६४. मुख्य म्हणजे त्या सापळे लावून दरवर्षी त्याच पद्धतीने मोजत राहिल्या, म्हणून कुठली फुलपाखरं, कुठले पतंग घटले ते सांगता आलं.

आपल्याकडे दहिसरच्या एखाद्या चाळीच्या अंगणात हे केलं तर आकडा कितीवर जाईल, विचार करा. पावसाळ्यातल्या एका ट्यूबलाइटखालीच माणूस दमेल.

---

पिंगळा

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. जागा उघड करण्याबद्दल मी कडक आहे. आमच्या भागात एका जुन्या वडावर घुबडाचं घरटं होतं. फोटो जागेसकट फिरला. आठवडाभरात झाडाखाली तिपायांची रांग, रात्री झोत, कुणी आवाजाची टेप वाजवतंय. पिल्लं उडाली की गेली, कळलं नाही. पुढच्या हंगामात घुबड आलं नाही.

आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर करतं, साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही ठिपका दाखवतं. इतर नोंदींसाठी हे तुम्ही स्वतः निवडू शकता. घरटी, बिळं, कोल्ह्याची पिल्लं, घुबडं: डोळे झाकून धूसर करा. नेमकी जागा तुमच्या वहीत आणि गरज पडली तर संशोधकाकडे. कांदळवन प्रतिष्ठानाने खाडीकाठच्या कोल्ह्यांचा कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास करून घेतला आहे. तुमची कोल्हेकुईची नोंद तारीख-वेळेसकट त्यांना कळवा, व्हॉट्सॅपवर नको.

बिबट्याबद्दल तर जास्तच. २०१५ च्या पाहणीत राष्ट्रीय उद्यान आणि आरे मिळून ३५ बिबटे अंगावरच्या ठिपक्यांवरून वेगवेगळे ओळखले गेले होते. ते काम शांतपणे होतं. आपल्या इमारतीच्या सीसीटीव्हीतला तुकडा 'सावधान' लिहून पाठवला की पिंजऱ्याची मागणी सुरू होते. फिरवण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. साप घरात आला तरी हाच क्रमांक.

---

पिक्सेल

पिंगळा, धूसर करण्याबद्दल पूर्ण सहमत. पण मग तिरकस म्हणतात त्या नाल्याच्या वेळी काय? नोंद वीस किलोमीटरच्या चौकोनात असेल तर 'याच नाल्यावर' हे सिद्ध कसं करणार?

---

पिंगळा

म्हणूनच वही आणि संस्था. नेमकी जागा नोंद करणाऱ्याला दिसतेच, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याला दाखवता येते. मुंगूस, खंड्या, दिवड यांना धूसर करायची गरजही नाही, नाल्यासाठी तेवढे पुरे. सगळ्यांना दाखवायचं नाही म्हणजे कुणालाच नाही असं नव्हे.

---

टेकडीवरून

पुण्याहून. प्रकाश गोळ्यांनी १९८० च्या दशकात मुळा-मुठेच्या पक्ष्यांचा अभ्यास केला होता, प्रदूषित नदीवर कोण टिकतं आणि कोण जातं याचा. आज नदीकाठाच्या कामांवर वाद होतो तेव्हा लोक तेच आधी बाहेर काढतात. वेताळ टेकडीचं तसंच. तिथे रोज फिरायला जाणारे हजार असतील, लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि सुनावणीला उपयोग त्यांचाच होतो.

कुणी लिहिलं नाही म्हणून एक सरकारी मार्ग सुचवतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. महापालिकेतही. नोंदवहीची प्रत मागा, तुमचा नाला त्यात आहे का बघा. नसेल तर तुमची यादी समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची!

---

तिरकस

टेकडीवरून, हे कामाचं बोललात. पोच घेणारे निसर्गप्रेमी पहिल्यांदाच पाहतोय.

---

कांदळवनी (धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. गटात चर्चा झाली. ठरलं ते असं: नाल्याच्या पुलापासून शाळेच्या भिंतीपर्यंतचा एकच पट्टा, दर रविवारी सकाळी सात ते साडेसात, आळीपाळीने दोघं. सगळे पक्षी, कावळ्यासकट. एक वही सुरक्षारक्षकांच्या खोलीत राहील, कारण खरं सांगायचं तर रात्री सगळ्यांत जास्त तेच बघतात. मुंगसांची वेळ त्यांना तोंडपाठ आहे. पक्षी ईबर्डवर, बाकी आयनॅचरलिस्टवर. गोरेगावला बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे फोन करून माहिती सांगणारा कुणी आमच्याकडे येईल का विचारणार आहे. नोंदवहीच्या प्रतीसाठी अर्ज लिहायला आमचे एक निवृत्त काका बसले आहेत, त्यांचा उत्साह बघून भीती वाटते.

दोन शंका. रक्षककाका विचारतात, ट्यूबलाइटजवळच्या पाली लिहायच्या का? आणि येत्या रविवारी नाल्यानंतर सगळ्यांना खाडीवर न्यायचं म्हणतेय, रोहित बघायला.

---

सुगरण

पाली नक्की लिहा! कुठल्या दिव्याला किती, किती वाजता. पावसाळ्यात आणि थंडीत आकडा बदलतो का बघा. काकांचं नाव निरीक्षक म्हणून घाला.

---

निवटी

ताई, येत्या रविवारी अष्टमी आहे. सहालाच भरती, तुम्ही पोचाल तेव्हा खाडी भरलेली आणि पक्षी दुसरीकडे. वर भांग. पोरांना काही दिसायचं नाही. त्यापुढच्या रविवारी पौर्णिमा आहे, सहाच्या सुमारास सुकती, आत खाडीत थोडी उशिराच. पाणी चढायला लागलं की पक्षी स्वतःच काठाकडे सरकतील. त्या दिवशी या, आणि चिखलात उतरू नका, काठावरूनच बघा.